हम्फ्रीच्या नावाला मी फिरले

या मित्रांनो, जवळ या. अजून थोडं जवळ, कारण माझा आवाज मोठा नाही. धान्य पडलं की होते तेवढीच माझी खळखळ, आणि माझ्यात कुणी धान्य ओतल्याला आता कित्येक वर्षं झाली. मी एक जुनी चाळण आहे. सिसली नावाच्या बाईच्या झोपडीत, धुराने काळ्या झालेल्या भिंतीवर, एका खिळ्याला टांगलेली. आज तुम्हाला एका घोडीची आणि एका माणसाची गोष्ट सांगते. त्यात माझं पापही आहे. देवाचं नाव घेऊन ऐका, आणि शेवट होईपर्यंत मला क्षमा करायची घाई करू नका.

दर वसंतात आमच्या खोऱ्यात एक चाळणीवाला यायचा. पाठीवर लाकडाच्या पट्ट्यांचा भारा, कमरेला सुरी. त्याने ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाची एक पट्टी वाफेवर मऊ केली, गुडघ्यावर वाकवून गोल केली आणि टोकं चामड्याने शिवून टाकली. ती झाली माझी कड. त्या हिवाळ्यात आमच्या शेताच्या हॅकेट मालकांची म्हातारी राखाडी घोडी मेली होती. तिच्या शेपटीचे लांब केस मालकांनी जपून ठेवले होते. चाळणीवाल्याने ते उभे-आडवे विणले आणि माझा तळ तयार केला. ती घोडी मागे एक शिंगरू ठेवून गेली होती. त्याचं नाव लार्क. म्हणजे बघा, मी आणि लार्क एकाच आईच्या लेकी. तिला चार पाय मिळाले, मला हजार भोकं.

माझं काम सोपं होतं. ओटचे दाणे माझ्यात ओतायचे आणि मला हलवायचं. धूळ आणि कोंडा खाली पडायचा, दाणा वर राहायचा. चांगलं ते धरून ठेवायचं, नको ते सोडून द्यायचं. देवाने मला एवढंच शिकवलं होतं.

हम्फ्री पेनल आमच्याकडे आला तो मायकेलमासच्या जत्रेतून. शरद ऋतूतल्या त्या जत्रेत गडीमाणसं रांगेत उभी राहतात. मेंढपाळ टोपीत लोकरीचा पुंजका खोचतो, दूध काढणारी पोरगी हातात बादली धरते, आणि घोड्यांकडचा गडी टोपीला चाबकाची दोरी गुंडाळतो. मालक बघतो, दोन प्रश्न विचारतो आणि वर्षाची बोली करतो. हम्फ्री एका वर्षासाठी आला आणि तीन वर्षं राहिला. टोपीची दोरी त्याने कधी सोडली नाही. त्याला आईबाप नव्हते. तबेल्याच्या माळ्यावर गवताची गादी आणि एक लाकडी पेटी, एवढाच त्याचा संसार.

आणि गळा. तो गळा मात्र देवाने फुरसतीत घडवला असावा. रविवारी देवळात कारकून स्तोत्राची एकेक ओळ सांगायचा आणि सगळा गाव ती ओढून ओढून म्हणायचा. हम्फ्रीला अक्षर येत नव्हतं, पण एकदा ऐकलेलं स्तोत्र त्याच्या पोटात राहायचं. रविवारचं ते स्तोत्र तो शनिवारपर्यंत लार्कला ऐकवायचा. दोन्ही हातांनी मला धरायचा, दाणा हलवायचा आणि गायचा. मी त्याच्या गाण्याला ताल धरायचे. लार्क कान पुढे करून उभी राहायची. पाद्रीबाबांच्या प्रवचनाला सगळा गाव डुलक्या घ्यायचा, पण या प्रवचनात घोडीसुद्धा जागी असायची. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी देवाच्या सगळ्यांत जवळ असेन, तर ती त्या तबेल्यात.

सिसली तेव्हा दूधघरात कामाला होती. गोल चेहऱ्याची, जिभेने तिखट. चीज करून उरलेलं पाणी मगात घेऊन ती तबेल्याच्या दाराशी यायची.

“घोडीला रोज स्तोत्र,” एकदा ती म्हणाली, “आणि मला साधं ‘कशी आहेस’ पण नाही.”

“तुझे कान तिच्याएवढे लांब असते तर तुझ्यासाठीही गायलो असतो.”

“माझे कान आखूडच बरे. तुझा बेसूर कमी ऐकू येतो.”

दोघंही हसली. पुढच्या मायकेलमासला लग्न करायचं त्यांनी ठरवलं होतं. हे फक्त लार्कला आणि मला ठाऊक होतं. मालकाच्या घरातल्या गड्याने आणि पोरीने असं काही ठरवलंय हे कळलं, तर दोघांतल्या एकाला नारळ मिळाला असता.

त्या हिवाळ्यात उंदराने माझा तळ कुरतडला. तळहाताएवढं भोक पडलं. हॅकेट मालक म्हणाले, फेकून दे, नवी घेऊ. हम्फ्रीने मला फेकलं नाही. खरारा करताना लार्कच्या शेपटीचे जे केस फणीत अडकायचे ते तो एका फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवायचा, आणि रविवारी दुपारी एकेक केस ओढून माझं भोक विणायचा. आईच्या केसांना लेकीचे केस जोडले जात होते. वसंत लागेपर्यंत अर्धं भोक भरलं. त्याची वीण इतकी सरळ होती, की जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं ते बोटाला कळत नसे.

आता ऐका, घडलं कसं.

राजा आणि पार्लमेंटच्या लढाईत सैनिकांनी हॅकेट मालकांचे चार घोडे नेले होते. नांगराला म्हणावी अशी एकटी लार्क उरली होती, आणि ती गाभण होती. मार्च महिन्यात नदी फुगायला लागली. काठाला दगड घालायचे म्हणून मालकांनी लार्कला गाडीला जुंपायला सांगितलं. हम्फ्री तिच्या तोंडाशी उभा राहिला आणि हलला नाही. तिचे दिवस भरत आलेत, एवढंच तो म्हणत राहिला.

“घोडी माझी आहे की तुझी?” मालकांनी विचारलं.

“तुमची आहे, मालक. म्हणूनच तिची काळजी वाटते.”

अंगणात उभे असलेले चार-पाच गडी हसले. मालकांचे कान लाल झाले. हॅकेट मालक वाईट नव्हते, पण गड्यांसमोर हसू झालेलं त्यांच्या मनातून जात नसे. लार्कला त्या दिवशी जुंपलं नाही. पण हम्फ्रीचं ते वाक्य गावातल्या प्रत्येक चुलीपर्यंत पोचलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी लार्कची जागा रिकामी होती. दावं चावून तोडल्यासारखं लोंबत होतं. त्याच पहाटे पुराने नदीवरचा पूल नेला होता, आणि पावसाने सगळ्या वाटा धुऊन काढल्या होत्या. कुठेही टापेचा एक ठसा नाही. हम्फ्री गुडघाभर चिखलात दुपारपर्यंत हाका मारत फिरला. मला हातात घेऊन, मूठभर दाणे हलवत फिरला, कारण माझी खळखळ ऐकली की लार्क जिथे असेल तिथून यायची. ती आली नाही.

आमच्याकडे घोडा चोरणाऱ्याला फाशी होते. हे लहान मुलांनाही ठाऊक असतं. म्हणून ‘चोरी’ हा शब्द पहिल्यांदा कुणी उच्चारला तेव्हा अंगणातली माणसं एक पाऊल मागे सरली आणि सगळ्यांच्या नजरा हम्फ्रीकडे वळल्या; त्याचं ते वाक्य कुणी विसरलं नव्हतं.

दूधघरात विनिफ्रेड नावाची म्हातारी होती. सगळे तिला आजी म्हणत. तिनेच सुचवलं, चाळणीला विचारू. ही रीत अशी: लोकर कातरायची मोठी कात्री घ्यायची आणि तिची टोकं चाळणीच्या लाकडी कडेत रोवायची. कात्रीच्या मुठीखाली दोघींनी समोरासमोर एकेक बोट धरायचं. एक बोट म्हातारीचं, एक कुमारिकेचं. मग चाळण अधांतरी लोंबते. दोन संतांची नावं घ्यायची, आणि नंतर एकेक माणसाचं. चोराच्या नावाला चाळण फिरते. आजीच्या आजीपासून चालत आलेलं होतं हे. पाद्रीबाबांना ही रीत मुळीच खपत नसे, पण ते त्या आठवड्यात दुसऱ्या गावी होते.

कुमारिका म्हणून सिसली स्वतःहून पुढे झाली. लोक म्हणाले, धीट आहे पोरगी. मला तिचं मन कळत होतं. तिला वाटत होतं, देव खोटं बोलत नाही. हम्फ्रीच्या नावाला चाळण स्थिर राहील, सगळ्या गावासमोर राहील, आणि त्याच्यावरचा संशय कायमचा पुसला जाईल.

भर दुपारी, दूधघरात, माझ्या कडेत कात्री रुतली. ती दोन भोकं अजून आहेत, बघा. मालक नावं घेऊ लागले. गुराख्याचं नाव घेतलं, मी स्थिर. नांगरणाऱ्याचं घेतलं, मी स्थिर. जत्रेत भेटलेल्या एका फेरीवाल्याचं घेतलं, मी स्थिर. प्रत्येक नावागणिक सिसलीचं बोट गार पडत गेलं, कारण पुढचं नाव जवळ येत होतं.

“हम्फ्री पेनल,” मालक म्हणाले.

ते नाव तिच्या कानांत गेलं आणि तिचं बोट थरथरलं. मित्रांनो, तो फार बारीक थरकाप होता. आवडत्या माणसाचं नाव चारचौघांत घेतलं गेलं की पोरीचा हात थरथरतो, तेवढाच. पण मी अधांतरी होते. माझं सगळं वजन त्या बोटावर होतं. मी फिरले.

मला ओरडून सांगायचं होतं, मला काही ठाऊक नाही. मला फक्त धूळ ओळखता येते. पण चाळणीला तोंड कुठे असतं? सगळीकडून नुसती भोकं.

त्यानंतर सगळं उतारावरच्या दगडासारखं घरंगळत गेलं. गावचा लोहार त्या वर्षी शिपायाचं काम बघत होता. त्याने हम्फ्रीची पेटी उघडली आणि फडक्यात गुंडाळलेले लार्कच्या शेपटीचे केस सापडले. घोडेचोर घोड्याची शेपटी कापून त्याचं रूप बदलतात, हे सगळ्यांना माहीत होतं. हम्फ्री म्हणाला, ते चाळण विणायला जमवले आहेत. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

“मालक, तिचा तळ बघा. अर्धं भोक विणलंय, अर्धं राहिलंय.”

“तिनेच तुझं नाव घेतलं,” हॅकेट म्हणाले, “आणि आता तिलाच साक्षीला बोलावतोस?”

कुणी माझा तळ बघितला नाही. बघितला असता तरी उरलेल्या भोकापलीकडे काय कळणार होतं? हम्फ्रीची वीण फार सफाईची होती.

मग तो शांतपणे म्हणाला, की गाभण घोडी शिंगरू घालायला एकांत शोधते. पूल वाहून जाण्याआधी ती पलीकडे गेली असेल. पलीकडच्या गावच्या कोंडवाड्यात विचारा. लोहार हसून म्हणाला, चोर आम्हालाच घोडी शोधायला धाडतोय. आणि मित्रांनो, खरी चूक इथे झाली. पुढचा पूल सहा कोसांवर होता. एखादा माणूस दोन दिवसांत जाऊन आला असता. पण चोर हाती लागल्यावर घोडी शोधायला कोण जातं? त्या दिवसापासून लार्कला एकानेही शोधलं नाही.

त्याला नेताना सिसली दूधघराच्या दारात उभी होती. तो थांबला.

“सिसली, चाळणीचं थोडं भोक राहिलंय. जमलं तर तू विण.”

तिने तोंड फिरवलं. तिला वाटत होतं देव बोलला आहे. आपण ज्याच्यावर जीव लावला तो चोर निघाला, असं तिला वाटत होतं. आणि तिच्या त्या बोटाचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. ते फक्त मला ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी पाद्रीबाबा परतले आणि फार चिडले. चाळणीला देवाने कोंडा ओळखायला शिकवलं आहे, माणूस ओळखायला नाही, असं ते देवळात म्हणाले. त्यांनी न्यायाधीशांना पत्रही लिहिलं. उत्तर आलं, की घोडीच्या शेपटीचे केस सापडले आहेत, तेव्हा उन्हाळ्यात मोठे न्यायाधीश येतील त्यांच्यासमोर काय ते ठरेल. तोपर्यंत हम्फ्रीने जिल्ह्याच्या तुरुंगात राहावं.

आणि इकडे माझं कौतुक सुरू झालं. मला तबेल्यातून काढून दूधघरात मानाच्या खिळ्यावर टांगलं. शेजारच्या शेतांवरून बाया मला बघायला यायच्या. माझ्या कडेला हात लावून कपाळाला लावायच्या. चोर पकडणारी चाळण, म्हणायच्या. लहान होते तेव्हा मला वाटायचं, कुणीतरी कधीतरी माझी स्तुती करावी. ती स्तुती अशी आली. दाणा नाही, गाणं नाही, लार्कच्या श्वासाची ऊब नाही. मानाच्या त्या खिळ्यावर मी उभी जळत होते. रविवारी देवळातून स्तोत्राचा आवाज यायचा, आणि त्यात एक आवाज कमी आहे हे गावात फक्त मला आणि सिसलीला जाणवायचं. स्तोत्र सुरू झालं की ती दूधघराचं दार लावून घ्यायची.

जुलैच्या सुरुवातीला लोहार एक टोपी घेऊन आला. तुरुंगात तापाची साथ आली होती. अकरा माणसं गेली. हम्फ्री पेनल त्यांतला सहावा. न्यायाधीश यायला अजून तीन आठवडे होते. टोपीला चाबकाची दोरी तशीच गुंडाळलेली होती. मालकांनी टोपी खुंटीवर अडकवली आणि ते शेतावर निघून गेले.

नऊ दिवसांनी पूल दुरुस्त झाला. त्याच दिवशी दुपारी एक अनोळखी माणूस पुलावरून आला. हातात लगाम, लगामाच्या टोकाला लार्क, आणि तिच्या पोटाशी लगटून चालणारं करड्या रंगाचं शिंगरू. तो पलीकडच्या गावच्या कोंडवाड्याचा रखवालदार होता.

“मार्चमध्ये आमच्या कुरणात सापडली,” तो म्हणाला. “दोन बाजारांत दवंडी दिली, देवळात तीन रविवार पुकारलं. इतकी गुणी घोडी. तुमच्यातलं कुणीच कसं आलं नाही विचारायला?”

हॅकेट मालकांनी डोक्यावरची टोपी काढली आणि लार्कच्या मानेला कपाळ टेकवलं. लार्कने मान बाजूला घेतली. ती तबेल्याच्या दाराशी गेली, कान पुढे केले आणि वाट बघत उभी राहिली. तो माणूस निघून गेला, ऊन उतरलं, तरी ती तशीच उभी होती. शेवटी सिसलीने एप्रन तोंडाशी धरलं.

संध्याकाळी मालकांनी मला खिळ्यावरून ओढलं आणि गुडघ्यावर धरलं. एका दाबात माझी कड मोडली असती, आणि मला तेच हवं होतं.

“मोडू नका, मालक,” सिसली म्हणाली. “मला द्या. तिचं भोक विणायचं राहिलंय.”

तिने लार्कच्या फणीतले केस घेतले आणि तबेल्याच्या उंबऱ्यावर बसली. मला डाव्या हाताच्या बोटांवर तोललं. पहिला केस ओवला. मग, चार महिन्यांत पहिल्यांदा, तिने त्याचं नाव घेतलं. अगदी हळू, स्वतःशीच.

आणि तिचा हात थरथरला, आणि मी तिच्या बोटांवर फिरले.

ती बघत राहिली. तिने पुन्हा नाव घेतलं. मी पुन्हा फिरले. तेव्हा तिला कळलं. दूधघरात देव बोलला नव्हता. तिचा स्वतःचा जीव बोलला होता, आणि सगळ्या गावाने त्याला चोराचं नाव दिलं होतं. ती रडली नाही. माझ्या कडेवर हनुवटी टेकून ती बसली, आणि त्याचं ते स्तोत्र म्हणू लागली. तिचा सूर खरंच बरा नव्हता. आत लार्कने कान पुढे केले.

हॅकेट मालक दोनदा तुरुंगाच्या गावी जाऊन आले. त्याची माती तरी आपल्या देवळाच्या आवारात आणावी, असं त्यांच्या मनात होतं. पण साथीतली माणसं एकाच खड्ड्यात पुरली होती. कोण कुठे ते कुणालाच सांगता आलं नाही. आजी विनिफ्रेडने त्यानंतर कात्रीला हात लावला नाही. सिसलीने लग्न केलं नाही. मला घेऊन ती या झोपडीत राहायला आली, आणि गेल्या हिवाळ्यात, म्हातारी होऊन, इथेच गेली. शेवटच्या दिवसापर्यंत ती मला आठवड्यातून एकदा पुसायची आणि त्याचं नाव घ्यायची. हात थरथरायचा. चाळीस वर्षांत तो थरकाप काही कमी झाला नाही.

मित्रांनो, जाण्याआधी माझ्या तळावरून एकदा बोट फिरवा. जिथे उंदराने कुरतडलं होतं तिथे अर्धी वीण अगदी सरळ लागेल. ती त्याची. पुढची अर्धी वाकडीतिकडी, गाठी पडलेली. ती तिची. दोघांचा संसार एवढाच झाला, माझ्या अंगावर तळहाताएवढा.

तुम्ही मला जपा असं मी सांगणार नाही. माझं लाकूड किडलंय, आज ना उद्या कुणीतरी मला चुलीत घालेल, आणि ते योग्यच होईल. पण एक मागणं आहे. काही हरवलं, तर आधी ते शोधायला जा. माणसाचं नाव घ्यायची वेळ त्यानंतरची. आणि कुणाचा हात थरथरताना दिसला, तर त्याला विचारा, बाबा, तुला कसली भीती वाटते.

त्याच्या नावाचा दगड कुठेही नाही. देवळाच्या वहीत फक्त गावाबाहेर गेलेला एक गडी अशी नोंद आहे. म्हणून जिथे कुणी गात असेल, जिथे चार माणसं मिळून देवाचं नाव घेत असतील, तिथे थोडं थांबा आणि त्या आवाजांत एक आवाज कमी आहे हे आठवा. त्याचं नाव हम्फ्री पेनल. तो घोडीसाठी गायचा.

एकदा म्हणा ते नाव. मी ऐकते आहे.